नानांच्या रेडिओतली शिट्टी

३ नोव्हेंबर, सोमवार

माळ्यावरचा एका व्हॉल्व्हचा रेडिओ खाली काढला. शहागंजात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं तेव्हा नानांनीच जुळवलेला. त्यांना विचारलं नाही. विचारणार कसं? नवऱ्याला सोडून आले, वरच्या खोलीत राहिले, तेव्हापासून बाप माझ्याशी बोलत नाही. नाना आईला म्हणतात, "तिला इचार, जेवली का." मी समोरच उभी असते!

५ नोव्हेंबर

व्हॉल्व्ह पेटतो, पण हेडफोनमध्ये काहीच नाही. घोडं डिटेक्टरपाशी, म्हणजे लहरीतून बोलणं वेगळं काढायच्या जागी, अडलंय. स्टेशनची लहर इतक्या झपाट्यानं वर-खाली होते की हेडफोनला ती झेपत नाही. व्हॉल्व्हमधल्या जाळीनं, ग्रिडनं, तिची एकच बाजू धरायची, आलेला चार्ज कंडेन्सरमध्ये साठवायचा, आणि मोठ्या रेझिस्टन्समधून हळूहळू गळू द्यायचा — लहर जाते, बोलणं उरतं. तो रेझिस्टन्सच तुटलाय! साठलेलं बाहेर पडायला वाट नाही, म्हणून व्हॉल्व्ह मुका. असलं एक माणूस खालच्या मजल्यावरही आहे.

६ नोव्हेंबर

नवा रेझिस्टन्स लावला. बोलला!!

८ नोव्हेंबर, शनिवार

रिअॅक्शनचं बटण म्हणजे भलतंच प्रकरण. व्हॉल्व्हमधून निघालेलं थोडं परत स्टेशन पकडणाऱ्या कॉइलला द्यायचं, की लांबचं स्टेशनही उठून येतं. जरा जास्त झालं की शिट्टी. मला कुठला धीर! रोज संध्याकाळी शिट्टी.

११ नोव्हेंबर

आई म्हणाली, "ह्यांचा रेडिओ रोज सांजच्याला लई केकाटतोय. उघडून बी बघत नाय, बंद बी करत नाय."

खिडकीत कान दिला. मी बटण पुढं नेलं की खाली शिट्टी, मागं घेतलं की गप्प. माझा सेट शिट्टी मारायला लागला की स्वतःच लहरी सोडतो, आणि नाना खाली तेच स्टेशन लावून बसलेले! मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांची नजर गेली, हात थरथरतात, रेडिओ उघडणार कसा? तेवढाच विरंगुळा, त्यातही मी आडवी. वाईट वाटलं, फार वाईट. उद्यापासून सेटला हात लावायचा नाही.

१२ नोव्हेंबर

सेट लावला नाही. दिवेलागणीला जिन्यात चपला वाजल्या. नाना! भिंत धरून वर आलेले, धाप लागलेली.

"आज तुझी शिट्टी नाय वाजली. बरी हायेस ना, शीला?"