सात शब्दांचा दम

सोमवार, ६ फेब्रुवारी

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी सगळं बदललं — मावशीची शिवी मध्येच तुटली.

तिनेच मला वाढवलं, आणि वाढवताना रोज शिव्यांची एक माळ घातली. सात शब्द, एका दमात: आळश्या, उनाड्या, कॉलेजबुडव्या, ऐतखाऊ, उधळ्या, बिनडोक्या, गधड्या! शिलाई मशीनवर पाय चालू, तोंड त्याहून जोरात. आज हॉस्पिटलात, नऊ नंबरच्या खाटेवर, तिसऱ्या शब्दाला थांबली. श्वास घेतला. मग पुढचे चार.

मी हसलो. जिना उतरताना हसू पार गेलं.

न्यूमोनिया. बोटाला चिमटी लावतात, तिच्यावर ऑक्सिजनचा आकडा येतो — ९४. डॉक्टर म्हणतो, "छान आहे. गुरुवारी घरी!"

मंगळवार, ७

आठ नंबरवर गोरीपान आजी. तोच खोकला, तोच आकडा. डॉक्टर तिच्या खाटेवर टेकला, पाठ तपासली, मनगटातून रक्त काढलं. आमच्या मावशीपाशी उभ्या उभ्या — "दम लागतो? तुमच्या लोकांचं नेहमीचंच. जरा दुखलं की आकाशपाताळ एक!"

तुमच्या लोकांचं! दोन पिढ्या याच शहरात गेल्या आमच्या. पण रंग काळा, बोली वेगळी — म्हणजे आम्ही खोटारडे. मी काउंटरवर मूठ आपटली. वॉचमनने दंडाला धरून बाहेर काढलं.

संध्याकाळी मावशी म्हणाली, "भांडू नको रे... आळश्या, उनाड्या..." आणि थांबली. दोनच.

बुधवार, ८

वॉर्डात एक नर्स आहे. खिशाला निळं पेन. मी तिला मनात निळ्या पेनवालीच म्हणतो. (मनात आणखीही बरंच म्हणतो.)

"ओरडून झालं असेल तर नीट सांगा."

मी शिव्यांचं सांगितलं. वाटलं, हसेल. तिने पेन काढलं आणि लिहिलं — एका दमात पूर्वी सात शब्द, परवा तीन, काल दोन. मग मावशीचं बोट हातात धरून बराच वेळ बघत राहिली. "काळ्या कातडीवर ही चिमटी कधीकधी आकडा जास्त दाखवते. आम्हाला शिकवलंय. लक्षात कोण ठेवतं?"

डॉक्टर फेरीला आला. "आता शिव्या मोजून औषध द्यायचं का?"

तिने तिथेच मोबाइल काढला. वरच्या डॉक्टरबाईंना परस्पर फोन लावला. बाई आल्या, मावशीच्या मनगटातून स्वतः रक्त काढलं.

रक्तातला ऑक्सिजनचा खरा आकडा ८३.

मावशीला मास्क लावला, दुसऱ्या खोलीत हलवलं. उद्या घरी आणली असती तर — हे वाक्य मी पूर्ण करणार नाही.

शुक्रवार, १०

निळ्या पेनवालीने आज माझ्याकडे दोनदा पाहिलं! एकदा मी दारात आडवा उभा होतो म्हणून. तरी दोनदा.

सोमवार, १३

मावशी मास्कच्या आतून चार शब्दांपर्यंत आली.

निळ्या पेनवालीची बदली दुसऱ्या वॉर्डात. परस्पर फोन केला म्हणून! मी बाह्या सरसावून निघालो, तिनेच जिन्यात अडवलं. "मारामारी करून काय होणार? पुढच्या मावशीचं काय? लिहा. खाटेचे नंबर, तारखा, कोण काय म्हणालं, सगळं."

चार वेळा फाडून पाचव्यांदा दोन पानी तक्रार लिहिली. तिने वाचली. "तुमचे कान चांगले आहेत. कॉलेजात काय केलंत त्यांचं?"

काय सांगणार? सरांशी भांडून दुसऱ्या वर्षाला बाहेर पडलो, हे? तिने पिशवीतून नर्सिंगच्या कोर्सचा फॉर्म काढून दिला. "सत्तावीस तारीख शेवटची. चहाचं मग बघू."

चहाचं मग बघू!!!

मंगळवार, २१

मावशी घरी. पहिलं काम — माझ्या खोलीची झडती. पलंगाखालून मोजे, गादीखालून काय काय काढलं देव जाणे.

तक्रारीला उत्तर आलं: "नोंद घेतली आहे." कसली नोंद? पुन्हा लिहिलं.

सोमवार, २७

सकाळी मावशीची माळ एका दमात आली. मी सवयीने शब्द बोटांवर मोजले. सहा! पुन्हा मोजले — सहाच! बूट हातात घेऊन तिच्यापुढे गुडघ्यावर बसलो, "मावशी, दम लागतोय? खरं सांग!"

तिने मशीन थांबवलं. "दमबिम काही नाही. त्या दिवशी झडतीत गादीखाली फॉर्म सापडला. एक शब्द काढून टाकला माळेतला." मग पदराने डोळे पुसत, "आज शेवटची तारीख ना? की परत घालू?"

मी बूट चढवले, फॉर्म उचलला आणि दार ओढून घेतलं.