दोन्ही पायांचं माप

दि. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शाळेच्या गणवेशांचं काम अंगावर आहे. तीन आठवडे मशीनवरून उठलेलो नाही, जेवणही तिथेच. त्यात माझीच विजार दगा देतेय. कापड आटलं असावं, डावा पाय पोटरीशी घट्ट झाला. शिवण उसवून पाऊण इंच सैल केली, तर कालपासून तेवढंही पुरेना. पाय ठणकतो, जिना चढताना धाप लागते. वय झालं असं तू म्हणशील. म्हणू नकोस.

लोभ उसवू देऊ नकोस.

तुझा,
भाऊ

दि. ७ मार्च

चि. भाऊस,
अ. उ. आ.

अरे शहाण्या, एकाच पायाचं कापड कसं आटेल? बाबांनी आपल्याला पहिल्याच दिवशी शिकवलं, दोन्ही पाय वेगळे मोजायचे. जगाचे मोजलेस, स्वतःचे राहिले. आत्ता टेप घे, दोन्ही पोटऱ्या मोज आणि गाडी करून डॉक्टरकडे जा. शेजारची नर्स म्हणाली, हे अंगावर काढायचं दुखणं नव्हे. गणवेश उशिरा मिळाले तर मुलं खूशच होतील.

तुझ्यावर रागावलेली,
ताई

दि. १२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हॉस्पिटलातून लिहितोय. डावी पोटरी दीड इंच जास्त भरली. टेपच बिघडली असेल म्हणून आधी दुसरी आणली, मग डॉक्टरकडे गेलो. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी निघाली, आणि तिचा एक तुकडा फुफ्फुसात जाऊन बसलेला. आणखी दोन दिवस शिवत बसलो असतो तर इथवर आलोच नसतो, असं डॉक्टर म्हणाले. ताई, मी फार घाबरलो. रक्त पातळ करायची इंजेक्शनं चालू आहेत, पुढे सहा महिने गोळ्या. एक घट्ट मोजा चढवलाय. शिवण अगदी भिकार, पण काढू देत नाहीत.

तुझ्यामुळे शिल्लक राहिलेला,
भाऊ

दि. १६ मार्च

चि. भाऊस,
अ. उ. आ.

पत्र हातात घेऊन रडले. मग मोज्याचं वाचलं आणि हसले. शिवणीला नावं ठेवतोयस, म्हणजे गाडी रुळावर आहे. घरी गेलास की तासातासाला उठून चालायचं. आणि दर रविवारी दोन्ही पोटऱ्यांभोवती दोरा गुंडाळून तेवढाच कापून मला पाठवायचा. डाव्या पायाचा लाल, उजव्याचा पांढरा. तुझ्या आकड्यांवर माझा विश्वास नाही.

तुझी,
ताई

दि. ४ एप्रिल

चि. भाऊस,
अ. उ. आ.

दोरे मिळाले. दोन्हींत केसाचाही फरक नाही. ज्याचे दोन्ही पाय इतके सारखे, असं गिऱ्हाईक बाबांना चाळीस वर्षांत भेटलं नाही. दोन्ही दोरे उजव्या पायाचेच ना? खरे पाठव, कसेही असोत. मला छान दोरे नकोत, तू हवा आहेस.

तुझी,
ताई

दि. ९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पकडलंस. तुझ्या जिवाला घोर नको म्हणून उजवाच दोनदा मोजला. सोबत खरे दोरे आहेत, लाल अर्धा इंच मोठा. डॉक्टरांना पाय दाखवला. सूज हळूहळूच उतरेल, भिण्यासारखं काही नाही म्हणाले. तासाला गजर लावून उठतो, गिऱ्हाइकं हसतात. विजारीची सैल केलेली शिवण आता आत घ्यायची आहे, पण ती मी घेणार नाही. तू ये, दोन्ही पाय वेगळे मोज आणि तूच घे. मी न हलता उभा राहीन.

रक्त पातळ केलंय, माया तेवढी दाट असू दे.

तुझा,
भाऊ