शाळेचं उरलेलं अर्धं छप्पर

प्रिय बारक्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न उघडताच कुठेतरी टाकून देशील, असं वाटलं होतं. उघडलंस, बरं केलंस. फोन केला असता तर तू कामावर आहे म्हणाला असतास आणि मी बरं म्हणून ठेवून दिला असता. सहा वर्षं आपलं असंच चाललंय. लिहिताना मधे कोणी तोडत नाही, एवढा तरी फायदा.

आधी बातमी सांगते. आपण मिशनतर्फे समुद्रापलीकडे जाऊन बांधली ती शाळा गेल्या महिन्याच्या वादळात मोडली. पोरांना सुट्टी होती म्हणून कोणाला काही झालं नाही. तिथल्या मुख्याध्यापिकेने फोटो पाठवलेत. बाकं चिखलात, फळा अंगणात उताणा पडलेला आणि छप्पर अर्धं उडालेलं. सध्या ती चार वर्ग झाडाखाली भरवते. दोन महिन्यांत तिकडे पाऊस लागेल, त्याआधी डोक्यावर काही आलं नाही तर शाळा बंद करावी लागेल, असं लिहिलंय तिने. मी फोटो पाहिले, खाली ठेवले आणि भांडी घासायला गेले. मला काहीच वाटलं नाही. तुझे भावोजी गेल्यापासून हे असंच आहे. पाच महिने झाले, अजून रडू आलेलं नाही. दात काढल्यावर गाल बधिर असतो ना, तसं सगळं झालंय. चावलं तरी कळत नाही, आणि कळत नाही म्हणून आपण पुन्हा तिथेच चावतो. डॉक्टरीणबाई म्हणतात, उतरेल हळूहळू.

तरी कामाला लागले. रविवारी मिशनच्या हॉलमध्ये उभी राहिले आणि स्वयंसेवक हवेत म्हणून सांगितलं. माझाच आवाज मला शेजारच्या घरातल्या रेडिओसारखा ऐकू येत होता, पण लोकांना भावला म्हणे. थर्मासमावशींनी डोळे पुसले. (त्या अजून तो मोठा थर्मास काखेत घेऊनच फिरतात.) भराभर हात वर झाले. रंग द्यायला अकरा जण तयार आहेत! घाईमामांनी तर माझं बोलणं संपायच्या आत ब्रश कुठे ठेवलेत ते विचारलं. निवृत्त पोस्टमास्तर खिडक्या रंगवणार, नर्सबाई दारं. छपरावर कोण चढणार, असं विचारलं तेव्हा मात्र सगळे पंख्याकडे बघायला लागले. एकाचे गुडघे, दुसऱ्याची चक्कर, तिसऱ्याची बायको. छप्परच नसेल तर रंग काय आभाळाला देणार आहात, असं मी म्हटलं. सगळे हसले. मी विनोद केला नव्हता.

स्वयंसेवकांची यादी दरवेळी मीच करते, ते तुला ठाऊक आहे. पहिल्या ओळीवर कायम ह्यांचं नाव असायचं. यंदा मी एक आकडा घातला, पुढे काहीच लिहिलं नाही आणि दोनपासून नावं सुरू केली. यादी तशीच छापली गेली आणि हॉलच्या दारावर लागली. कोणी काही विचारलं नाही. नवऱ्याच्या आठवणीसाठी बाईने जागा सोडली, असं सगळ्यांनी धरून चाललंय. मीही त्यांचा गैरसमज दूर केलेला नाही.

त्याच दाराशेजारी आपल्या त्या वेळचा फोटो टांगलाय. नव्या छपराखाली सगळे निळ्या टी-शर्टमध्ये, छातीवर मिशनचं नाव, मधोमध बॅनर. इतका छान आलाय की दरवर्षीच्या पत्रकावर तोच छापतात. त्यात तू नाहीस. तू आदल्या दिवशीच निघून आलास. पेट्या उघडल्या तेव्हा तू शिडीवर होतास आणि तुळया भिंतीला बांधून धरणाऱ्या लोखंडी पट्ट्या मागत होतास. पट्ट्या एकाही पेटीत नव्हत्या, आणि जवळचा बाजार दोन दिवसांच्या वाटेवर. तेव्हा हे सगळ्यांसमोर म्हणाले, मी विसरलो. तू खाली उतरलास आणि नाही नाही ते बोललास. एवढे मुरलेले सुतार आणि दुसऱ्यांच्या पोरांच्या जिवाशी खेळता, इथे काय मिरवायला आलात, असं बरंच काही. ते नुसते कानावरची पेन्सिल काढत होते, पुन्हा लावत होते. मग तू कुंपणाची तार पिळून पिळून छपराची तुझी बाजू बांधलीस, तार संपली तिथे हात झटकलेस आणि निघालास. उरलेली बाजू ह्यांनी नुसत्या खिळ्यांवर उभी केली.

ते गेले त्या दिवशी तू आला होतास. फाटकापाशी उभा राहिलास आणि तिथूनच परत गेलास. मी खिडकीतून पाहिलं. हाक मारली नाही. लोक म्हणाले, तिला धक्का बसलाय. धक्का नव्हता रे, मला भीती वाटत होती.

हे विसरले नव्हते, बारक्या. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी पट्ट्या कागदात गुंडाळून स्वतः पेटीत ठेवल्या होत्या. दुपारी ते बाहेर गेले, तेवढ्यात टी-शर्ट छापून आले आणि पेटीचं वजन जास्त भरायला लागलं. मी पट्ट्या काढून माळ्यावर टाकल्या. लोखंडच तर आहे, तिकडेही मिळेल, असं वाटलं. त्यांना सांगायचं राहून गेलं. तिथे पेटीत हात घालून त्यांनी तो निळा गठ्ठा बाहेर काढला, माझ्याकडे एकदाच बघितलं आणि मग म्हणाले, मी विसरलो. मी गप्प बसले. त्या दिवशी, आणि नंतर सहा वर्षं. त्यांनी घरातसुद्धा कधी विषय काढला नाही. मुख्याध्यापिकेच्या फोटोत तुझ्या तारेची बाजू जशीच्या तशी उभी आहे. येत्या रविवारी मी हॉलमध्ये हे सगळं सांगणार आहे, तू आलास तरी आणि नाही आलास तरी. यंदा टी-शर्ट केलेले नाहीत. काल स्टूल घेऊन माळ्यावर हात घातला. पट्ट्या तिथेच आहेत, त्यांनी बांधलेल्या कागदात. कागदावर पेन्सिलीने त्यांच्या अक्षरात लिहिलंय, बारक्याच्याच हातात द्यायच्या. मी स्टुलावरच बसून राहिले. पाच महिन्यांत पहिल्यांदा कुठेतरी दुखलं. वीस तारखेला निघायचंय, पहिली ओळ रिकामी आहे आणि पुडकं मी सोडलेलं नाही. ते तू येऊन सोड.

वाट बघणारी, तुझीच
ताई