भिंतीखालची लाईन

२ मे

लॉनच्या भिंतीकडच्या कोपऱ्यात गवत पिवळं पडलंय. ताटाएवढा डाग. मागच्या आठवड्यात नव्हता, शपथ! लेकीचं लग्न सव्वीस तारखेला, ह्याच लॉनवर. हॉल नको, स्टेज नको, "आपलं अंगण आणि आपली माणसं" – हा तिचा हट्ट. आणि अंगणाला नेमका आत्ताच नायटा झालाय.

ह्यांना सांगितलं. ह्यांचं हर्नियाचं ऑपरेशन नुकतंच झालंय – वाकायचं नाही, उचलायचं नाही, चिडायचं नाही. (शेवटचं डॉक्टरांनी नाही, मी सांगितलंय.) पलंगावरून म्हणाले, "फवारा अडकला असेल. डोकं काढून आतली जाळी धू."

"कुणाचं डोकं?"

"फवाऱ्याचं गं!"

म्हणजे आता हेही माझ्याच गळ्यात. बरं तर बरं.

३ मे

पहाटे पाचला बाहेर जाऊन उभी राहिले. काय गंमत आहे! आधी जमिनीत कुठेतरी घरघर. मग एकेक डोकं गवतातून वर येतं, जरा फुरफुरतं, आणि एकदम पाणी. इतकी वर्षं ह्या घरात राहते आणि हे कधी पाहिलंच नव्हतं – मी उठेपर्यंत सगळं आटोपून ती डोकी पुन्हा जमिनीत गेलेली असायची. उन्हं वर आली की घातलेलं पाणी निम्मं हवेतच जातं, म्हणून पहाटेच, असं हे म्हणतात.

कोपऱ्यातला फवारा मात्र अर्धाच वर आला. पाणी त्याच्याच पायाशी पडत होतं. नंतर त्याचं टोपण फिरवून काढलं. आत अंगठ्याच्या पेराएवढी जाळी – वाळू आणि पांढऱ्या क्षारांनी लिंपलेली. व्हिनेगरमध्ये भिजवली, ब्रशने घासली, लख्ख केली.

हे – "ब्रश कुणाचा होता?"

"तुमचा. होता."

४ मे

तरीही अर्धाच वर येतो. माझ्या मेहनतीवर पाणी! म्हणजे पडलं असतं तर बरं झालं असतं.

६ मे

काल हे म्हणाले, वाट्या ठेवून बघ – कुठे किती पाणी पडतं ते कळतं. घरातल्या सगळ्या वाट्या लॉनवर मांडल्या. लेक दारात येऊन बघत राहिली, "आई, जेवायला कोण येतंय?" ह्यांनाही खिडकीतून हसू आलं. लगेच पोट धरलं. टाके ओढतात.

आज पाहिलं तर घराजवळच्या वाट्या अर्ध्या भरलेल्या. मधल्या जेमतेम. कोपऱ्यातली – बुडाला ओल, बस्स! शेजारचीही तशीच. म्हणजे एक फवारा आजारी नाही, जसजसं लांब जावं तसतसं पाण्याचं त्राणच संपतंय. मला हे भलतंच आवडायला लागलंय. पोळ्या करताना डोक्यात हेच. पाणी निघतं तर सगळं, मग जातं कुठे?

८ मे

फवारेवाल्याला बोलावलं. दर दोन-तीन महिन्यांनी येतो तोच, टायमर लावतो, डोकी सरळ करतो, जगातल्या सगळ्या घरांच्या भानगडी सांगतो. आज बघितलं, वहीची पानं उलटावीत तसे फवारे फिरवले आणि म्हणाला, "प्रेशर नाही ताई."

"का नाही?"

गप्प! हा माणूस आणि गप्प! भिंतीकडे एकदा पाहिलं आणि पाना पुसत बसला. मी चहा दिला. मग दुसरा दिला.

"ताई, मला दोन्ही घरांनी बजावलंय. इकडचं तिकडे बोलायचं नाही, तिकडचं इकडे नाही. माझं दोन्हीकडचं काम जाईल."

"बोलू नका. नुसतं बोट दाखवा."

त्याने आधी जमिनीकडे बोट दाखवलं. मग भिंतीकडे.

९ मे

खुरपं घेऊन भिंतीच्या कडेने खणलं. हातभर खाली काळा पाईप सापडला. त्याला एक फाटा – आणि तो फाटा सरळ भिंतीखालून पलीकडे गेलेला!

पलीकडे म्हणजे मोठे भावजी. ह्यांचे सख्खे मोठे भाऊ. सासरे गेल्यावर घर वाटलं, भांडी वाटली, सासऱ्यांची काठीसुद्धा कुणाकडे राहायची ते ठरलं. अंगण वाटताना हातभर जमिनीवरून तोंडं फिरली ती फिरलीच. मध्ये भिंत आली, भिंतीला दार कुणी ठेवलं नाही. पण लॉनचे फवारे सासऱ्यांनी बसवलेले, एकाच लाईनवर, सगळं जमिनीखाली. दिसत नाही म्हणून तेवढं वाटायचं राहून गेलं!

ह्यांना सांगितलं. उशी सरकवून उठून बसले. मग, "मागे वीज जाऊन टायमर बंद पडले होते. त्या फवारेवाल्या गाढवाने दोन्हीकडे एकच वेळ लावली असेल. दोन्ही लॉन एकदम सुरू झाले की कुणालाच पुरत नाही."

"मग सांगा की भावजींना."

"मी? आधी त्याने बोलावं."

१० मे

लेकीनेही आज विषय काढला. "काकाला बोलावणार आहात ना?" हे पेपरमागे. "आपली माणसं म्हणजे नक्की कोण, बाबा? काकाने मला सायकल शिकवली. तो भिंतीपलीकडे बसून माझं लग्न नुसतं ऐकणार का?" पेपर हलला नाही. लेक उठून गेली. ताट तसंच.

मला सगळ्यात जास्त भीती ह्याचीच आहे. गवत काय, वेळ आली तर सतरंजी टाकून झाकता येईल.

११ मे

भांडणाचं पुढे बघू, आधी पाणी. आपला टायमर साडेचारवर आणला.

१२ मे

छे! साडेचारला भिंतीला कान लावून उभी राहिले. पलीकडेही फुस्स-फुस्स सुरू! त्यांनीही साडेचार केलं!

१३ मे

साडेपाच केलं.

१४ मे

तिकडेही साडेपाच!! हा योगायोग आहे म्हणायला मी काही दुधखुळी नाही. मुद्दाम. ह्यांना सांगितल्यावर ह्यांचा चेहरा असा फुलला, जणू परीक्षेत पहिले आले – "बघ! मी म्हणत नव्हतो? लहानपणापासून असाच आहे. मी ज्या खुर्चीत बसायला जाईन तीच ह्याला हवी!"

राग मलाही आला. फार आला. मोठे आहेत ना? पुतणीचं लग्न आहे हे माहीत नाही का?

१६ मे

औषधाच्या दुकानात जाऊबाई भेटल्या. आम्ही दोघी बाहेर बोलतो, फक्त घरी सांगत नाही. आज मी तडकूनच गेले – "वहिनी, हे शोभतं का? आम्ही वेळ बदलली की तुम्हीही तीच लावायची?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "आम्ही? अगं, आमच्यासारखं तुमच्याही लॉनला पाणी कमी पडत असणार म्हणून हे वेळ बदलतात! पाच सोडून साडेचार केलं, तर तुम्ही साडेचारला! मग साडेपाच केलं, तर तुम्हीही! काल रात्रीच म्हणत होते – बघ, धाकटा मुद्दाम करतो."

दोघी तिथेच हसत सुटलो. दारात समोरासमोर आलेली माणसं कशी एकमेकांना वाट द्यायला एकाच बाजूला सरकतात, तसं चाललं होतं घरात! औषधवाला विचारतो, "काकू, बरं वाटतंय ना?"

ठरलं – आम्ही साडेचार, ते सहा. कुणालाही न सांगता. म्हटलं, आणि लग्नाचं? जाऊबाईंचं हसू मावळलं. "ह्यांनी आहेराची साडी आणून ठेवलीय. पण म्हणतात, धाकट्याने आधी एक शब्द बोलावा. एकच. मग येतो."

आमचे हे तर म्हणतात, त्याने आधी.

असे दोन भाऊ असल्यावर शत्रूंची काय गरज आहे!

१७ मे

कोपऱ्यातला फवारा पूर्ण वर आला! वर येऊन गोल फिरला! मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

१८ मे

सुख टोचतं म्हणतात ते खरं. आजपासून पाणीकपात. बागेच्या लाईनला रोज पहाटे एकच तास पाणी. तासात एक लॉन भिजतो. दोन नाही.

१९ मे

जाऊबाईंशी फोनवर कुजबुज – अर्धा तास आमचा, अर्धा त्यांचा. ऊन असं आहे की दुपारी दाराची कडी हाताला चटका देते. दोन्हीकडचं गवत उपाशी. पिवळा डाग आता ताटाएवढा नाही, चादरीएवढा.

लेक आज म्हणाली, "गवताचं राहू दे आई. बाबांना एकदा नीट विचार ना." विचारलं. हे भिंतीकडे तोंड करून झोपले. कोणत्या भिंतीकडे ते सांगायला नकोच.

२१ मे

आश्चर्य! आपले फवारे पूर्ण तासभर चालले. मी अर्ध्या तासाने बंद करायला गेले तर प्रेशर तस्संच, पलीकडून ओढच नाही. कपात उठली की काय? पाणीखात्यात फोन केला तर नाही, कपात आहेच. मग? जाऊबाई फोन उचलत नाहीत.

२२ मे

आजही तासभर. कोपरा चक्क हिरवा दिसायला लागलाय. पण मला चैन नाही. पाणी जात होतं तेव्हा कुठे जातंय ते शोधत होते, आता येतंय तर कुठून ते शोधतेय! ह्यांना म्हटलं, तर म्हणाले, "मिळतंय ना? मग कशाला खोलात शिरतेस?" पण त्यांचंही लक्ष खिडकीबाहेरच होतं.

२३ मे

फवारेवाला शेवटची फेरी मारायला आला. खुर्च्या जिथे मांडायच्या तिथले फवारे जरा वळवले, म्हणजे चुकून सुरू झाले तरी पाहुणे भिजणार नाहीत. निघताना मी म्हटलं, बोट दाखवा. बिचाऱ्याने ह्या वेळी बोट दाखवलं नाही, बोलूनच टाकलं. "तिकडे खटका बंद आहे ताई. मोठ्या साहेबांनी मला दम दिलाय – पोरीचं लग्न होईपर्यंत इकडचा थेंब घ्यायचा नाही. आणि त्यांना कळता कामा नये."

हे मागे उभे होते. मला माहीतच नव्हतं.

त्यांनी स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं. मी ओरडले – टाके! – ऐकलं नाही. भिंतीला धरून वर चढले आणि पलीकडे पाहत राहिले. किती वेळ! खाली उतरले तेव्हा चेहरा ओळखू येईना. मग मीही चढून पाहिलं. भावजींचा लॉन जळून गेलाय. हिरवं पातं नावाला नाही. सासऱ्यांच्या वेळेपासून जपलेलं गवत, रोज संध्याकाळी स्वतः वेचून वेचून साफ करायचे ते.

मला रडू आलं. म्हटलं, आता तरी जा. आत्ता. रस्त्याने वळसा घालून दोन मिनिटांचं अंतर आहे.

हे म्हणाले, "काय तोंडाने जाऊ?" आणि आत गेले. जेवले नाहीत.

२४ मे

शांततेनेच जाग आली. फवारे नाहीत! पळत टायमरकडे गेले तर खटका बंद, आणि हे शेजारी उभे. "त्याचं गवत मरतंय. दोन दिवस तरी त्याला घेऊ दे पाणी." अहो, पण तिकडेही बंदच आहे की! – कपाळाला हात लावला मी. दोन्हीकडे बंद, पाणी लाईनमध्ये तसंच उभं!

तेवढ्यात भिंतीपलीकडून, इतक्या वर्षांनी –

"ए गाढवा! लेकीचं लग्न परवावर आलं आणि पाणी बंद काय करतोस?"

हे पोट धरून ओरडले, "तू आधी का केलंस?"

मी श्वास रोखून उभी.

मग पलीकडून, जरा हळू – "शिडी आहे का रे तुझ्याकडे?"