रूपसिंगभाऊंची मूठ

यवतमाळ,
२१ ऑगस्ट २०२४

प्रिय रूपसिंगभाऊ,

राम राम. तुम्ही बरे असाल. जमनीवहिनींच्या गुडघ्याला आराम पडला का? इकडे पाऊस सारखा चालू आहे, कुंदाचा दमा जरा वर आलाय, बाकी ठीक. आर्णीकडे तुमच्या तांड्यावर फोनला रेंज नसते, म्हणून हे पत्र लिहून त्याचा फोटो तुमच्या अंजूला पाठवतोय. अंजू, बापूंना मोठ्याने वाचून दाखव, मधलं काही गाळू नकोस.

आमच्या पत्रिकेचा नवा अंक निघाला. जनावरांच्या पोटफुगीवरच्या तुमच्या मुळीचं पान सुरेख आलंय. तुमचा फोटो, नाव, तांडा, सगळं. तीस वर्षं गावोगाव फिरून लोकांकडचं असं ज्ञान गोळा करतोय. कॉलेजातले सहकारी हसायचे, पण ज्याचं ज्ञान त्याचं नाव छापायचं, हा हट्ट मी सोडला नाही. तुम्ही तेवढे म्हणाला होतात, "माह्यं नाव कायले छापता, सर? काही झालं त लोक मलेच धरतीन." तेव्हा मी हसलो होतो.

झालंय, भाऊ. मुकुटबनच्या बाबारावांचा बैल कोवळा चारा खाऊन फुगला. त्यांनी आमचा अंक उघडला, काट्यावर मोजून मुळीची पूड पाजली. तासाभरात बैल आडवा झाला.

तुम्ही सांगितलं होतं मूठभर. मूठभर म्हणजे किती, असं वाचणारे विचारतात, म्हणून मी घरच्या काट्यावर माझी मूठ मोजली आणि चाळीस ग्रॅम लिहिलं. तुमच्या उजव्या हाताची दोन बोटं कडबा कापायच्या कुट्टी मशीनमध्ये गेलेली आहेत, आणि तुम्ही औषध त्याच हाताने घेता. अकरा वर्षं मी तो हात बघतोय. अंक घरी आला त्याच दिवशी कुंदा फोटो पाहून म्हणाली, "अहो, यांच्या मुठीत तुमच्या निम्मंसुद्धा मावणार नाही!" तोवर छापखान्यातूनच पाचशे अंक वाटून झाले होते. पुढच्या अंकात दुरुस्ती छापू, असं ठरवून मी गप्प बसलो.

छापण्याआधी त्या माणसाकडे जाऊन पान वाचून दाखवायचं, हा माझाच नियम. प्रत्येक भाषणात सांगतो. या वेळी पुण्याच्या प्रदर्शनाला अंक हवा होता, म्हणून तुमच्याकडे आलो नाही.

परवा बाबारावांचा फोन आला. "सर, तुमचं पुस्तक पाहूनच देल्लं न जी. बैल उठून नाही राह्यला. चूक कोनाची?" मी म्हणालो, "रूपसिंगभाऊंनी सांगितलं तेच छापलंय."

मला माहीत होतं, भाऊ. माहीत असून बोललो.

रेंजचंही वर खोटंच लिहिलं. परवापासून तीनदा तुम्हाला फोन लावला आणि तुमचा आवाज आला की कापला.

काल अंजूचा मेसेज आला. "सर, मुकुटबनचे लोक फोनवर लय वाईट बोलले, गुरुवारी तांड्यावर येतो म्हने. बापूनं साऱ्या मुळ्या नाल्यात फेकून देल्ल्या. आता कोनाच्या ढोराले हात लावत नाही म्हन्ते." आज सकाळी तो बैल गेला. तुमच्या आजोबांपासून चालत आलेली विद्या जगापुढे आणायला निघालो होतो, आणि मीच ती बुडवायला बसलोय.

आत्ता, हे लिहिता लिहिता, बाबारावांना फोन करून खरं सांगितलं. ते म्हणाले, "मंग दोन दिवस आमी त्या मानसाले उगाच शिव्या देल्ल्या?" आणि फोन ठेवून दिला.

येणार नाही असं काही ते म्हणाले नाहीत, म्हणजे ते लोक उद्या तांड्यावर येतील असंच मी धरतोय. मी पहिल्या एसटीने त्यांच्या आधी पोचतो. तांड्याच्या नायकांना आणि चार माणसांना बोलावून ठेवा, मला सगळ्यांसमोर सांगायचंय. घरात घेतलं नाहीत तर बाहेर उभा राहून सांगेन. माफी मात्र मागणार नाही. तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे, तुम्ही लगेच द्याल, आणि मी मोकळा होईन. मला मोकळं करू नका. फक्त मुळ्या पुन्हा खणून आणा, भाऊ. ज्यांची जनावरं तुमच्या दारात येतात, त्यांनी काही केलेलं नाही.

ज्याने मोठ्या मानाने तुमचं नाव छापलं, आणि अंगाशी येताच तेच पुढे केलं, तो

श्रीकृष्ण