नावं पुसलेला कोड

प्रिय धाकट्या,

'प्रिय' लिहायचं म्हणून लिहिलं. पत्राची सुरुवात दुसरी कशी करतात ते मला येत नाही, आणि मला तुला खरं काय म्हणावंसं वाटतं ते आईसमोर वाचता येणार नाही.

झेरॉक्सच्या दुकानावरच्या त्या खोलीत आपण किती भांडलो होतो, आठवतं? मुलांच्या दवाखान्यांसाठी औषधाचा डोस काढणारा आपला प्रोग्रॅम तयार झाला आणि त्यातला 'जावा' या संगणकभाषेत लिहिलेला कोड कुणी उघडून चोरेल, ही चिंता लागली. मी म्हणत होते, एन्क्रिप्शन करू, सगळं कुलूपबंद. तू हसलास. प्रोग्रॅम चालायचा तर किल्लीही त्याच्यासोबतच पाठवावी लागणार, मग कुलूप कशाला, म्हणालास. त्यापेक्षा ऑब्फस्केशन: वजन, वय, मात्रा अशी कोडमधली नावं पुसायची आणि नुसती अ, ब, क ठेवायची. मशीनला फरक पडत नाही, चोराचं मात्र डोकं फिरतं. तुझंच खरं होतं. तुझं कौतुक मी सगळ्या नातेवाइकांना सांगत सुटले होते.

चोर घरातलाच निघेल, हे काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तू भांडून गेलास तेव्हा मूळ कोड माझ्याकडे राहिला. तू नेलीस ती आपण गिऱ्हाइकांना द्यायचो ती, नावं पुसलेली प्रत. वरचे रंग बदलून तीच विकलीस, आपल्याच दवाखान्यांना, माझ्या नाकावर टिच्चून. मी वकिलाकडे गेले नाही, कारण आईने जेवण सोडलं असतं. पण राग गेलेला नाही, आणि जाईल असं वाटतही नाही.

परवा त्यातल्या एका दवाखान्यातल्या नर्सबाईंनी जुन्या सवयीने मलाच फोन लावला. वजनाची जागा रिकामी राहिली की तुझा प्रोग्रॅम आधीच्या पेशंटचं वजन धरतो. शाळकरी मुलाचा डोस तान्ह्या बाळाच्या नावापुढे आला होता. त्यांना शंका आली म्हणून बाळ वाचलं. ही चूक जुन्या प्रतीत होतीच. तू गेल्यावर मला सापडली आणि मी ती दुरुस्त केली. तुला ती सापडायची नाही. त्या अ-ब-कमध्ये वजन कुठलं, हे आता तुलाच वाचता येत नाही.

म्हणून लिहितेय. डोसचा सगळा मूळ कोड, दुरुस्त केलेला, खऱ्या नावांसकट सोबत पाठवलाय. तो बसेपर्यंत तुझा प्रोग्रॅम वापरू नका, असं मी सगळ्या दवाखान्यांना फोन करून सांगितलंय. पुढे खुशाल विक. आभार मानायला मात्र फोन करू नकोस. हे मी तुझ्यासाठी केलेलं नाही.

इलाज नाही म्हणून तुझीच,
ताई