सायीच्या रंगाची गाडी

१० जानेवारी

ती. अण्णांस,

शि. सा. न. वि. वि.

आम्ही दोघं सुखरूप. नव्या दवाखान्यात नर्स म्हणून रुजू झाले. डॉक्टर बरे आहेत, पण चहा इतका पाणचट पितात की पेशंटला तोच सलाईन म्हणून लावता येईल. दवाखाना खडीच्या खाणीच्या वरच्या अंगाला आहे, त्यामुळे जाता-येता पुढे डंपर असतोच.

पत्रास कारण तेच. लग्नात तुम्ही स्वतःच्या हातानं रंगवून दिलेल्या गाडीचं तोंड, देवीचे व्रण उठावेत तसं झालंय. बॉनेटच्या पुढच्या कडेला टवके, दिव्याभोवती टवके, आणि दोन ठिकाणी आत तांबूस दिसू लागलंय. तुमच्या चिरंजीवांना दाखवलं तर म्हणाले, गाडी चालवायला असते, काचेच्या कपाटात ठेवायला नव्हे. रंगाऱ्याच्या पोटी जन्म घेऊन असं बोलतात, काय करावं? इथला गॅरेजवाला म्हणतो, अख्खं बॉनेट खरवडून नवा रंग मारू. मी गाडी घेऊन तिथून पळालेच. तुमच्या रंगावर दुसऱ्याचा हात फिरवायचा नाही. मला शिकवाल का? मी करीन.

आईंना नमस्कार. माया आहे तशी राहू द्यावी.

आपली,
सूनबाई

*

१७ जानेवारी

चि. सूनबाईस,

अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी डंपरवाल्याला शिव्या दिल्या, मग माझ्या कुलदीपकाला, आणि उरल्यासुरल्या तुझ्या नावावर जमा केल्या. गॅरेजमधून पळालीस त्यात त्या फिटल्या. फोन केला नाहीस तेही बरं. फोनवर माणूस हो हो म्हणतो आणि ठेवला की विसरतो. रंगाचं काम कागदावर असावं.

आता नीट वाच. टवका म्हणजे दाताची कीड. वरून बुजवून भागत नाही. आधी साबणाच्या पाण्यानं धू, पूर्ण वाळू दे, मग थिनरचा नुसता वास लागलेल्या फडक्यानं तेवढाच भाग पूस, म्हणजे जुनं मेण निघेल. तांबूस दिसतं तो गंज. पॉलिशपेपरची बारीक सुरळी करून फक्त गंज खरवड, शेजारच्या चांगल्या रंगाला हात लावलास तर बघ. उघड्या पत्र्यावर प्रायमरचा एक ठिपका. तो वाळला की रंग. ब्रश नको, दात कोरायची काडी घे. थेंब टेकवायचा, ओढायचा नाही. वाळू दे, पुन्हा टेकव. खड्डा भरून किंचित वर आला की क्लिअरचा, म्हणजे बिनरंगी चकाकीचा थेंब, आणि मग चांगले आठ-दहा दिवस त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. शेवटी सर्वांत मऊ पेपर पाण्यात भिजवून हलक्या हातानं घास. घाई केलीस तर टवक्याच्या जागी मुरूम येईल.

आणि डंपरला चिकटून चालवू नकोस. उडालेला खडा आपल्याकडे येतो असं सगळे समजतात. निम्म्या वेळा आपणच त्याच्यावर जाऊन आपटतो. अंतर ठेव, वेग कमी ठेव. बॉनेटच्या कडेला पारदर्शक फिल्म लावून घे, चाकांमागे रबरी फडके बसव, महिन्याला मेण लाव. सगळे खडे चुकणार नाहीत. निम्मे चुकले तरी पुष्कळ.

रंगाची बाटली सोबत आहे. हा सायीचा रंग कुठल्या कंपनीच्या तक्त्यात सापडायचा नाही, तुमच्या लग्नासाठी मी मनानं काढलेला. दुकानातला मिस्त्री मागे लागला होता की तुझ्या गाडीच्या पेट्रोलचं झाकण मागवून घेऊ, त्यावरून जुळवू. मी त्याला विचारलं, आईला आपलं लेकरू ओळखायला फोटो लागतो का? मान डोलावून कामाला लागला. रंग मीच कालवला, मीच बाटलीत भरला, मीच बांधून पोस्टात टाकला.

थोड्या लिहिण्यात सगळं समजून घेणे.

अण्णा

*

६ फेब्रुवारी

ती. आईंना,

सा. न. वि. वि.

हे पत्र फक्त तुम्हाला. अण्णांच्या हाती जाऊ नये म्हणून तुमच्या भाचीकडून पाठवते आहे.

त्यांनी लिहिलं तसं सगळं केलं. टवके भरले, कडा बसल्या, गुळगुळीत झालं. पण रंग निळा आलाय, आई. दुधात शाईचा थेंब पडावा तसा. आधी वाटलं वाळल्यावर बदलेल. बदलला नाही. रस्त्यापलीकडच्या शेजारीण बाई तिथूनच विचारत्या झाल्या की गाडीला निळ्या टिकल्या का लावल्यात.

अण्णांचा रंग चुकतो हे माझ्या मनाला पटत नाही. म्हणून मन भलत्याच दिशेला जातंय. त्यांना नीट दिसतं ना? दिव्याभोवती वलय दिसतं असं कधी म्हणाले का? खरं काय ते कळवा.

तुमची,
सूनबाई

*

१२ फेब्रुवारी

चि. सूनबाईस,

अनेक आशीर्वाद.

तुला इतक्या लांबून कळलं आणि मी इथे ताटापाशी बसून गप्प आहे. पावसाळ्यापासून हे चाललंय. पेपर उजेडात नेऊन धरतात, मग छापणाऱ्याला नावं ठेवतात. मागे स्कूटर आपल्याच फाटकावर घातली आणि म्हणाले फाटक पुढे सरकलंय.

दुकानातलं तर ऐकूच नकोस. सकाळी हे रंग कालवतात आणि दुपारी जेवून आडवे झाले की मिस्त्री तो डबा उघडून गाडीशी लावून पुन्हा जुळवतो. गिऱ्हाइकाला ठाऊक नाही, ह्यांना ठाऊक नाही. मी आणि मिस्त्री दोघं चोरासारखे. तुझी बाटली ह्यांनी स्वतःच बांधली, तिथे मिस्त्रीचा हात पोचला नाही.

मी एकदा डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव काढलं तर दोन दिवस मीठ मागायलासुद्धा तोंड उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, बापानं पोती वाहिली, माझी शाळा चौथीत सुटली, भांडवल म्हणून मिळाले ते हे दोन डोळे. त्यांना सुरी लावून बिघडले तर मी कोण? दवाखान्यात तू सगळ्यांना सांगतेस ना, तसं ह्यांनाही सांग. तुझं ऐकतील. माझं ऐकायची सवय मोडून तीस वर्षं झाली.

तुझी,
आई

*

२० फेब्रुवारी

ती. अण्णांस,

शि. सा. न. वि. वि.

टवके भरून झाले. फिल्म लावली, रबरी फडकेही बसवले. डंपरच्या इतकी मागे राहते की मागचे लोक हॉर्न वाजवून माझा उद्धार करतात.

सोबत पेट्रोलचं झाकण पाठवते आहे. त्याच्या उजव्या अर्ध्यावर तुम्ही पाठवलेला रंग लावलाय, डावं अर्धं मूळचंच आहे. अण्णा, बाहेर उजेडात नेऊन निवांत बघा आणि दोन रंगांमधला सांधा तुम्हाला कुठे दिसतो तेवढं कळवा. घाई नाही. पण मनापासून बघा.

दूर असलो तरी विसर नसावा.

आपली,
सूनबाई

*

२७ फेब्रुवारी

चि. सूनबाईस,

अनेक अनेक आशीर्वाद.

अगं, हात आहे की जादू? सांधा शोधून शोधून दमलो. उन्हात नेलं, सावलीत नेलं, तिरकं धरलं. शेवटी डोळे मिटून बोट फिरवलं तेव्हा कुठे कड लागली. इतकी वर्षं माणसं घडवली, पहिल्याच खेपेला असं काम कुणी करून दाखवलं नाही. मिस्त्रीच्या हातात दिलं तर त्याला इतकं भरून आलं की झाकण ठेवून पाणी प्यायला निघून गेला.

मी ते दुकानाच्या दर्शनी भिंतीवर टांगलंय. येईल त्याला सांगतो, माझ्या सुनेचं काम. काल एक कॉलेजातलं गिऱ्हाईक म्हणालं, झाकण दोनरंगी केलंय ते छान दिसतंय. मी त्याला म्हटलं, बाबा रे, आधी चष्मा बदल, मग गाडी रंगव. सगळे हसायला हवे होते, पण आमच्या दुकानात हल्ली कुणाला विनोद कळत नाही.

तुझी सासू आज दिवसभर डोळे पुसते आहे. विचारलं तर कांदा म्हणते. असो. कोडकौतुक भेटीत.

अण्णा

*

५ मार्च

ती. अण्णांस,

शि. सा. न. वि. वि.

ते गिऱ्हाईक बरोबर होतं.

हे वाक्य लिहायला मला चार दिवस लागले, म्हणून तुम्हीही इथे थोडं थांबा, पाणी प्या, मग पुढे वाचा.

झाकण दोनरंगी आहे, अण्णा. उजवी बाजू निळसर आहे आणि हे कुणालाही दारातून दिसतं. ते पाठवताना वाटलं होतं की तुमचं तुम्हाला कळेल आणि माझ्यावर बोलायची वेळ येणार नाही. तुमचं कौतुकाचं पत्र आलं आणि मी दवाखान्याच्या मागच्या पायरीवर बसून रडले.

मोतीबिंदूनं डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं. त्यातून निळा कमी दिसतो, निळसर आणि पिवळसर यांतला फरकही पुसला जातो, म्हणून सांधा सापडला नाही. आणि म्हणूनच मनातला सायीचा रंग समोर दिसेपर्यंत तुम्ही निळा घालत गेलात. तुमचा हात चुकला नाही, आठवण तर मुळीच चुकली नाही. तुम्हाला दिसला तो रंग अचूक होता. आम्हाला तो दिसत नाही, एवढंच.

तपासल्याशिवाय मी छातीठोक सांगणार नाही, पण रोज असे डोळे पाहते. भिंग बदलता येतं. सुरीची भीती वाटते हे मला कळतं, ज्याचं सगळं डोळ्यांवर उभं आहे त्याला ती जास्तच वाटणार. पण पिकायला ठेवून दिलं तर काम अवघड होतं. अजून वेळ आहे, फार नाही.

सुनेनं असं लिहू नये असं वाटलं तर नर्सचं पत्र म्हणून वाचा. राग आला तर माझ्यावर काढा, घरात कुणावर नको. मी रजा टाकून ठेवली आहे. ये म्हणालात की निघते. रागात का होईना, पण उत्तर पाठवा.

आपली,
सूनबाई

*

२२ मार्च

चि. सूनबाईस,

आशीर्वाद.

तुझं पत्र चुरगाळून फेकलं. मग तुझ्या सासूचं लक्ष नाही असं बघून टेबलाखालून काढलं आणि सरळ केलं. तिचं लक्ष होतंच. वाईट याचं वाटलं की इतकी माणसं पदरी, आणि खरं सांगायला दुसऱ्या घरातून आलेली पोर लागली.

पण खोटं कशाला बोलू, कान माझे शाबूत आहेत. दुपारी पडलो की डब्यात काठी फिरल्याचा आवाज मला रोज यायचा. मला वाटलं मिस्त्री स्वतःचं दुकान काढायच्या बेतात असेल, चोरून हात बसवतोय. बसवू दे म्हटलं, मीही असाच शिकलो. परवा त्याला आत बोलावलं आणि विचारलं, माझे किती डबे फिरवलेस. बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिला. मग म्हणाला, सगळे.

त्याच्यावर ओरडायला उठलो आणि परत खाली बसलो. एवढे दिवस हा माणूस माझं नाव राखत होता आणि मी त्याला पोरांदेखत शिकवत होतो.

डॉक्टरकडे जाऊन आलो. तू म्हणालीस तेच निघालं. सोमवारी उजवा डोळा करतायत. मला भीती वाटते, सूनबाई. हे फक्त तुला लिहितोय. निघ आणि ये. चिरंजीवाला आणलंस तर आण, तो तुझ्यापेक्षा जास्त घाबरेल, तेवढीच मला सोबत.

अण्णा

*

२६ एप्रिल

चि. सूनबाईस,

अनेक आशीर्वाद.

तू घातलेस तसे थेंब तुझ्या सासूला जमत नाहीत. निम्मे कानात जातात. तरी डोळा उत्तम आहे, डॉक्टरांनी दुकानात बसायची परवानगी दिली. दुसरा पुढच्या महिन्यात.

सध्या माझी गंमत अशी आहे की डावा डोळा मिटला की जग धुतल्यासारखं निळंपांढरं, आणि उजवा मिटला की त्यावर कुणीतरी चहा सांडलेला. दिवसभर पोरासारखा हाच उद्योग. गिऱ्हाइकांना वाटतं म्हातारा डोळे मारतो. एक बाई तर उठून गेल्या.

रंगाच्या डब्याशी आता मिस्त्री उभा असतो, सकाळी, सगळ्यांसमोर. मी खुर्चीवर. काल एका गाडीच्या दारासाठी त्यानं करडा कालवून आणला. मी नव्या डोळ्यानं पाहिला आणि म्हणालो, काळा थोडा कमी पडला. तो म्हणाला, नाही पडला. मी म्हटलं, पडला. तर गडी हात झटकून म्हणतो कसा, अण्णा, तुम्हाला कळत नाही, उन्हात चला. दोघं उन्हात गेलो. रस्त्यात उभं राहून अशी जुंपली की समोरचा शिंपी मशीन थांबवून ऐकत बसला. मिस्त्रीचंच खरं निघालं.

सूनबाई, पावसाळ्यापासून माझ्या दुकानात सगळे मला हो म्हणत होते. त्या हो-होनं मी किती एकटा पडलो होतो ते काल त्याचा वाढलेला आवाज ऐकला तेव्हा कळलं. जेवताना दोन घास जास्त गेले.

नवी बाटली सोबत आहे. मिस्त्रीनं झाकणाच्या डाव्या अर्ध्याशी लावून पाहिली आहे. तरी तू पाहा, आणि चुकली असेल तर पत्राच्या पहिल्याच ओळीत लिही. नमस्कार मागाहून चालेल.

लोभ इतका झालाय की आणखी मागवत नाही.

तुझा,
अण्णा